बाप्तिस्मा आणि लग्नगाठ

१८७० च्या मार्च महिन्यात मुंबईहून निघालेला लोहमार्ग जबलपूर येथे अलाहाबादकडून आलेल्या मार्गास मिळाला. गोंड राजांच्या गढ्याशेजारी वसलेले हे नगर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे इंग्रजांची छावणी आली, मग रेल्वे आली. आणि या दोहोंच्या सोबतीने कॅथलिक धर्मगुरूही या नर्मदातीरीच्या मुलखात वावरू लागले. प्रारंभी फ्रान्समधील आनसी येथील धर्मसंघाचे मिशनरी नागपूरकडून या प्रदेशाची व्यवस्था पाहत. १९३२ साली जबलपूरचे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले, ते डच नॉर्बर्टाईन धर्मगुरूंच्या हाती आले, आणि १९५४ मध्ये त्यास धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. मंडला भागातील गोंडांची खेडी याच क्षेत्रात मोडत.

अशा मुलखात धर्मोपदेशकापुढे एक प्रश्न अटळपणे उभा राहतो. संसारात पडलेला एखादा पुरुष बाप्तिस्मा घेतो. त्याची बायको मात्र आपल्या कुळाच्या देवांना सोडीत नाही. बाप्तिस्म्याने मनुष्य नवा होतो, असे धर्म सांगतो. मग त्या नव्या मनुष्याची ही जुनी बायको कोण? प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा नव्हे. त्याच्या उत्तरावर एका स्त्रीचे घर, तिचे नाव आणि तिच्या मुलांची प्रतिष्ठा अवलंबून असते.

कॅथलिक धर्मशास्त्राने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी पोप तिसरे इनोसंट यांनी असा निर्णय दिला की, बाप्तिस्म्याने पापे सुटतात, विवाह सुटत नाहीत. या निर्णयामागील विचार सरळ आहे. बाप्तिस्म्याने आदिपाप आणि स्वतः केलेली पापे धुतली जातात व आत्म्यास पवित्र करणारी ईश्वरी कृपा लाभते. परंतु लग्न हे मुळात पापच नव्हे. तेव्हा ते धुऊन जाण्याचे कारण नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या दोघांनी आपापल्या रीतीने लावलेले लग्नही खरे लग्नच असते.

याचे मर्म संमतीत आहे. विवाह घडतो तो वधूवरांच्या परस्परसंमतीने. कॅथलिक विवाहातही धर्मगुरू हा त्या संमतीचा साक्षी असतो. गुप्त विवाहांमुळे माजलेला गोंधळ आवरण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरू व दोन साक्षीदार आवश्यक ठरविले. तथापि हे बंधन बाप्तिस्मा न घेतलेल्यांवर नाही. गोंडांमध्ये ‘लमसेना’ म्हणून सासऱ्याच्या घरी राबून वधू मिळविण्याची चाल आहे. अशा जावयाचे लग्न गावच्या मांडवाखाली, पंचांसमक्ष लागले, तरी उभयतांची खरी संमती असल्यास ते चर्चच्या दृष्टीनेही ग्राह्य ठरते. पुढे दोघांनीही बाप्तिस्मा घेतला, तर तोच विवाह संस्कार बनतो; पुन्हा लग्न लावण्याची गरज नसते.

येथे शास्त्र एक सूक्ष्म भेद करते. गाठ बांधली जाणे निराळे आणि कृपा लाभणे निराळे. बाप्तिस्मा घेतलेला एखादा मनुष्य मनात महापाप बाळगून बोहल्यावर चढला, तरी त्याचे लग्न लागते. कृपा मात्र तो पश्चात्ताप करीपर्यंत अडून राहते. म्हणजे नवऱ्याचे मन मळले म्हणून बायकोचा हक्क बुडत नाही. दुर्बल पक्षाला या भेदाने केवढा आधार दिला, हे वेगळे सांगावयास नको.

या नियमाला अपवाद आहे, आणि तो संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर आधारलेला आहे. बाप्तिस्मा न घेतलेला जोडीदार सुखाने नांदावयास तयार असेल, तर त्यास सोडू नये. तोच सोडून गेला, तर बाप्तिस्मा घेतलेला पक्ष बद्ध राहत नाही. मात्र त्यापूर्वी त्या जोडीदारास विचारावे लागते: तू बाप्तिस्मा घेशील काय? न घेतल्यास, ईश्वराचा अनादर न करता शांततेने नांदशील काय? अनेक बायका असलेल्यांविषयी १५३७ व १५७१ साली पोपांनी सवलती दिल्या आणि १९१८ पासून त्या सर्व जगास लागू झाल्या. १९८३ च्या धर्मसंहितेने, ज्या स्त्रियांना दूर व्हावे लागते त्यांच्या निर्वाहाची न्याय्य तरतूद करविण्याचे कर्तव्य धर्माधिकाऱ्यावर घातले.

इंग्रज सरकारलाही हा प्रश्न चुकला नाही. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या ख्रिस्ती माणसास न्यायालयातून विवाहमुक्ती मिळविण्याची वाट दिली. तेथेही जोडीदारास न्यायाधीशासमोर विचारणे भाग होते. नकार आला तरी विचारास वर्षाची मुदत देऊन पुन्हा विचारावयाचे होते.

याच मध्यप्रांतात, १८९३ साली, राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत नारायण वामन टिळकांची एका युरोपियन गृहस्थाशी भेट झाली आणि त्यांच्या हाती बायबल आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा पंथ प्रॉटेस्टंट होता. परंतु प्रसंग तोच होता. लक्ष्मीबाई माहेरच्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे नांदावयास आल्या, त्याही प्रथम आपले सोवळे सांभाळून. आणि १९०० साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. १८८० साली ब्राह्मणी विधीने बांधलेली गाठ तुटली नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास त्या मधल्या वर्षांची किंमत कळते.

आज धर्मसंस्थेचा निर्णय आणि राज्याचा निर्णय एक नाहीत. धर्मन्यायालयाने विवाह शून्य ठरविला, तरी तेवढ्याने मुलकी कायद्यातील बंधन सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. परंतु संत पौलाच्या नियमात आणि १८६६ च्या कायद्यात एक गोष्ट समान आहे. धर्म बदलणाऱ्याच्या श्रद्धेस दोघांनीही मान दिला; पण गाठ सोडण्यापूर्वी घरी राहिलेल्या माणसाला विचारले पाहिजे, हेही दोघांनी मानले. त्या विचारण्यातच तिचे पत्नीपण मान्य केलेले असते.