एका भूमिकेचे वारस

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास आपण बहुधा नटांच्या आगमनावरून सांगतो. अमुक साली भाऊराव आले, अमुक साली बालगंधर्व आले, असे त्याचे टप्पे पडतात. परंतु येणाऱ्या प्रत्येकासाठी कोणाची तरी जागा आधी रिकामी झालेली असते, आणि नाटकमंडळ्यांचा खरा कस लागला तो त्या रिकाम्या जागेपाशी. किर्लोस्कर मंडळीच्या शकुंतलेची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

1880 च्या ऑक्टोबरअखेर पुण्यास ‘शाकुंतल’ प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हा अण्णासाहेब किर्लोस्कर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. (आयुष्याची वीस वर्षे कचेरीत घालवलेल्या माझ्यासारख्यास याचा थोडा अभिमान वाटला, तर श्रोत्यांनी क्षमा करावी.) त्या पहिल्या प्रयोगात शकुंतला झाले होते शंकरराव मुजुमदार. दोनच वर्षांत मंडळीस बडोद्याचा एक तरुण मिळाला, भाऊराव कोल्हटकर. रूप देखणे, आवाज उंच, धारदार आणि थिएटरच्या शेवटच्या बाकापर्यंत सहज पोहोचणारा. शकुंतला भाऊरावांकडे गेली, ‘सौभद्रा’तील सुभद्राही त्यांचीच झाली. मुजुमदारांनी जागा सोडली, पण मंडळी सोडली नाही. पुढे ते तिच्या चालकांपैकी एक झाले, आणि अण्णासाहेबांचे चरित्रही त्यांनीच लिहिले.

भाऊरावांच्या गळ्याने संगीत नाटकास एक सवय लावली. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात पद ऐकू जाणे हीच पहिली अट होती. पदांच्या चाली नटाच्या पट्टीत बसवल्या जात. साथीदारांचे हात तिला सरावत. बाकीचे नटही आपापली पदे त्या बेताने धरीत. ‘सौभद्रा’त तर पदेच शंभरावर. अशा नाटकातला मुख्य गायक बदलणे म्हणजे एक माणूस काढून दुसरा उभा करणे नव्हे. साऱ्या नाटकाचा सूर नव्याने लावणे होय. आमच्याकडे अधिकाऱ्याची बदली झाली की दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत दुसरा बसतो आणि फायली पूर्ववत चालू लागतात. नाटकमंडळीस ही सोय नव्हती. तिकडे खुर्ची गेलेल्या माणसाच्या मापाची केलेली असे. आणि या एका गळ्यावर केवळ कलेची कीर्ती अवलंबून नसे. पडदे ओढणारे, आचारी, झिलकरी, शिकाऊ पोरे अशा साऱ्या बिऱ्हाडाची चूल त्यावर पेटत असे.

भाऊराव उत्तरायुष्यात पुरुषभूमिकांकडे वळले आणि 1901 च्या फेब्रुवारीत निवर्तले. मंडळी मोडली नाही. नानासाहेब जोगळेकरांनी नायकाच्या भूमिका सांभाळल्या. मात्र शकुंतलेस साजेसा वारस मिळण्यास 1905 साल उजाडावे लागले. त्या वर्षी मिरजेस नारायण श्रीपाद राजहंस शकुंतलेच्या वेषात उभे राहिले. लोकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले. त्यांचा सूर भाऊरावांसारखा तळपता नव्हता. मऊ, लडिवाळ आणि लयीशी खेळणारा होता. त्यांनी भाऊराव होण्याचा यत्न केला नाही, यातच त्यांचे यश होते असे मला वाटते.

1911 च्या मार्चमध्ये ‘मानापमान’ आले. जोगळेकरांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी अशी जोडी जमली, आणि त्याच वर्षी जोगळेकर गेले. धैर्यधराचा वेष गोविंदराव टेंबे यांनी चढवला. ज्या नाटकाच्या चाली आपण दिल्या, त्याच नाटकाच्या नायकाची जागा भरण्याची वेळ त्यांच्यावर आली. ती त्यांनी निभावली.

खरा आघात 1913 चा. जुलै महिन्यात बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. ‘विद्याहरण’ त्याच वर्षी रंगभूमीवर आलेले; त्यातील देवयानीचे कौतुक अजून ताजे होते. मागे उरले ते कपडे, पडदे, नाटके आणि नाव. हे सारे हाती घेऊन चालक म्हणून उभे होते शंकरराव मुजुमदार, पहिली शकुंतला! तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हातून भूमिका दुसऱ्याकडे गेली, त्यांनाच आता ती सोपवण्यासाठी माणूस शोधायचा होता. फुटून जाणाऱ्यांची बाजू इतिहासाने सविस्तर सांगितली आहे, कारण ते विजयी झाले. मुजुमदारांच्या वाट्यास तितकी सहानुभूती आली नाही, ती यावयास हवी होती.

मंडळीने गोव्याच्या मंगेशीचा एक पोरसवदा मुलगा उचलला. 1900 साली जन्मलेला हा दीनानाथ मंगेशकर 1914 च्या सुमारास किर्लोस्कर मंडळीत आला. प्रेक्षकांच्या कानात बालगंधर्व घोळत असताना या मुलाने उभे राहायचे! त्याचा गळा मात्र अगदी निराळ्या धातूचा: आक्रमक, चपळ, तानेत अचानक झेप घेणारा. काही जुन्या रसिकांस तो रुचला नाही; काहींना त्याचे वेड लागले. किर्लोस्कर मंडळीस त्याने काही वर्षे तारले आणि 1918 साली तोही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडला. बळवंत संगीत मंडळी निघाली आणि गडकऱ्यांच्या ‘भावबंधना’तील लतिका दीनानाथांची झाली. म्हणजे ज्याने रिकामी जागा भरली, त्यानेच ती पुन्हा रिकामी केली. यानंतर किर्लोस्कर मंडळीस पूर्वीचे वैभव लाभले नाही.

सगळ्याच मंडळ्यांनी वारस गळ्यावरून निवडले असे नाही. ऑक्टोबर 1921 मध्ये केशवराव भोसले अकाली गेले. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी त्यांनी आणि बालगंधर्वांनी ‘संयुक्त मानापमान’ गाजवले होते. ललितकलादर्शाची धुरा बापूराव पेंढारकरांवर आली. त्यांनी केशवरावांच्या तानांशी स्पर्धा करण्यापेक्षा नाटकच बदलले: 1922 साली वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ घेतले आणि मंडळी सामाजिक नाटकाच्या वाटेला लावली.

पुढे 1938 च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या. बालगंधर्व पुरुषभूमिकांकडे वळले आणि त्यांच्या नायिकांची पदे गोहरबाई गाऊ लागल्या. मुजुमदारांपासून पुरुषांच्याच अंगावर फिरत आलेला नायिकेचा शालू आता एका स्त्रीकडे आला होता.