ख्रिस्ताची ओळख : ओवीपासून संसारापर्यंत

बऱ्हाणपूरचा इतिहास शिकविताना आम्ही १६१५ च्या नोव्हेंबरपाशी नेहमी थबकतो. त्या महिन्यात इंग्लंडचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरकडे जाताना आमच्या या नगरीत शाहजादा परवेझच्या भेटीस आला. त्याचे मागणे व्यापाराचे होते. पुढच्याच वर्षी, १६१६ त, दुसऱ्या एका इंग्रजाचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यातील रायतूर येथे छापून निघाले. फादर स्टीफन्स १५७९ पासून गोमंतकात राहिला होता. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपीत असला, तरी भाषा मराठी आणि घाट पुराणाचा. एक इंग्रज वखारीसाठी आला, तर दुसऱ्याने आपल्या देवाची ओळख लोकांच्या छंदात करून दिली. दोघांत आम्हांस दुसरा अधिक जवळचा वाटतो.

तथापि ग्रंथातील ओळख निराळी आणि घरातील निराळी. येशूने आपल्या शिष्यांस, मी कोण आहे असे तुम्ही समजता, हा प्रश्न केल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मराठी घरात या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर नारायण वामन टिळकांच्या संसाराकडे वळावे लागते.

नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने टिळकांस ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते पुढे सांगत. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो पत्नीस न कळविता! या महाकवीविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु ही गोष्ट आम्हांस आजही खटकते. ज्याला प्रेमाचा गुरू मानले, त्याची वार्ता घरच्या माणसास परक्या तोंडून कळावी काय?

लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षे पतीवाचून काढली. पुढे त्या नगरास आल्या, तेव्हाही आरंभी त्यांची चूल वेगळी व सोवळे कडक होते. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे, असे त्यांच्याच मनाने घेतले, तेव्हा सोवळे सुटले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त विनोदाने, स्वतःस न वाचविता सांगितला आहे. ख्रिस्ताच्या ओळखीची मराठीतील सर्वांत खरी साक्ष कोणत्याही वादग्रंथात नसून या चूल-पाण्याच्या हकिकतीत आहे, असे आमचे मत आहे.

टिळकही एव्हाना पालटले होते. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांस जागा होती. ज्यांनी स्वतः बाप्तिस्म्यापायी घर, आप्त व मान गमावला होता, त्यांनीच तो प्रवेशाची अट ठेवू नये, याचा अर्थ आमच्या शिक्षकबंधूंनी नीट ध्यानी घ्यावा. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि १९३६ मध्ये डोळे मिटण्यापूर्वी पुरे केले.