स्वयंसेवी कार्यातील प्रकाशनकाल : ठाण्याचे एक पूर्वोदाहरण

द्रव्यलाभाची अपेक्षा न धरता चालविलेल्या कार्यात सिद्ध होत असलेली कृती लोकांपुढे केव्हा ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता गौण भासतो. परंतु अशा कार्यांचा इतिहास पाहू लागले असता त्यांचे आयुष्य बहुतांशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असल्याचे दिसून येते. धंदेवाईक प्रकाशकामागे भांडवल आणि बाजार यांचा तगादा असतो. स्वयंसेवकामागे तो नसतो. म्हणून काळाचे बंधन त्यास स्वतःच स्वतःवर घालून घ्यावे लागते.

मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या क्षेत्रात याविषयी दोन पक्ष निर्माण झाले. ‘सिद्ध होईल तेव्हा’ हा डेबियन या प्रकल्पाचा बाणा. त्याची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली, पुढील ३.१ निघण्यास जून २००५ उजाडला. उलटपक्षी, ग्नोमने २००२ च्या २.० या आवृत्तीनंतर दर सहा महिन्यांचा नेम पत्करला आणि डेबियनच्याच पायावर उभ्या राहिलेल्या उबुंटूने ऑक्टोबर २००४ पासून तोच कित्ता गिरविला. या दुसऱ्या पक्षास आगगाडीची उपमा देण्यात येते : गाडी वेळेवर सुटते, ज्याची तयारी झाली नसेल त्याने पुढची गाडी धरावी. १८५४ पासून आगगाडी परिचित असलेल्या कल्याणच्या रहिवाशास या उपमेचे मर्म निराळे सांगावयास नको.

तथापि हा वाद संगणकाबरोबर जन्मास आला, असे मानणे युक्त नव्हे. ठाणे येथे १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात ज्यांचा पुढाकार होता, त्या विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांच्या कार्यात दोन्ही रीती एकत्र आढळतात. प्राचीन मराठी काव्य प्रसिद्ध करण्यासाठी त्यांनी १९०३ मध्ये ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक काढले. मासिक म्हणजे तिथीचे बंधन. हाती आलेला भाग त्या त्या अंकात द्यावयाचा आणि उरलेला पुढे ढकलावयाचा. ‘महाराष्ट्र सारस्वत’ या ग्रंथाची गती मात्र सर्वस्वी भिन्न आहे. तो प्रथम १८९८ मध्ये ‘ग्रंथमाला’ या मासिकातून लहान स्वरूपात प्रकट झाला आणि त्याची विस्तृत दुसरी आवृत्ती १९१९ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, निघाली.

येथे असा आक्षेप संभवतो की, अपुरी कृती घाईने प्रसिद्ध केल्यास तीतील प्रमाद रूढ होतात. आक्षेप निराधार नाही. संगणकप्रणालीतील दोष नव्या आवृत्तीने बऱ्याच अंशी दूर करता येतो. छापून वाचकाच्या घरी गेलेले पुस्तक मात्र परत बोलाविता येत नाही. म्हणजे भाव्यांनी पत्करलेला धोका अधिक मोठा होता. परंतु ज्या विषयाची साधनेच अद्याप पोथ्यांतून बाहेर यावयाची होती, त्यात पूर्णतेची वाट पाहणे म्हणजे अनिश्चित काळ मौन राखणेच होते. पहिली मांडणी लोकांपुढे असली म्हणजे तिच्यात काय उणे आहे, हे तरी इतरांस सांगता येते.

या दृष्टीने १९५१ ची चौथी आवृत्ती लक्षणीय आहे. ग्रंथकर्ता निवर्तल्यास पंचवीस वर्षे लोटली होती, तरी डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी पुरवणी जोडून ग्रंथ नव्या संशोधनाच्या बरोबरीस आणला. आरंभ करणाऱ्याच्या पश्चात कार्य दुसऱ्याच्या हाती जाणे, ही स्वयंसेवी उद्योगाची खरी कसोटी होय. आणि जे प्रसिद्धच झाले नाही, ते पुढे चालविण्यास वारसदार मिळणे दुष्कर असते.

डेबियननेही २००९ मध्ये मधला मार्ग स्वीकारला : नवी भर घेणे थांबविण्याची वेळ आधी ठरवावयाची, पण प्रकाशन दोषनिवारण झाल्यावरच करावयाचे. यावरून इतके म्हणता येईल की, तिथी आणि सिद्धता ही परस्परविरोधी तत्त्वे नसून त्यांची स्थाने निराळी आहेत. काय घ्यावयाचे हे तिथीने ठरवावे, कसे द्यावयाचे हे सिद्धतेने. जेथे यांपैकी एकच तत्त्व उरते, तेथे एक तर कृती सदोष राहते, नाहीतर ती कर्त्याबरोबरच लोपते.