खर्चीवाला

इचलकरंजीबाहेरच्या माणसाला हा शब्द सहसा ठाऊक नसतो. खर्ची म्हणजे रोजच्या खर्चापुरती हातावर ठेवलेली रक्कम. तिच्यावर ज्याचे चालते तो खर्चीवाला, असा त्याचा अर्थ लागतो. प्रत्यक्षात हा गृहस्थ चार-आठ यंत्रमागांचा धनी असतो. माग त्याचे, विजेचे बिल त्याचे, विणकराचा आणि कांडीवालीचा पगार त्याच्या अंगावर. फक्त सूत त्याचे नसते आणि विणलेले कापडही त्याचे नसते. व्यापारी ताण्याची बिमे आणि बाण्याचे सूत धाडतो. खर्चीवाला विणून देतो आणि एका इंचात आडवे धागे किती बसले, म्हणजे गावच्या भाषेत 'पीक' किती, यावर मीटरमागे मजुरी घेतो. मालक म्हणावे तर माल त्याचा नाही. मजूर म्हणावे तर माग दुसऱ्याचे नाहीत. असा माणूस आमच्या गावात घरोघर का निपजला, याचे उत्तर नुसत्या 'उद्यमशीलते'त शोधणाऱ्यांशी माझे पटत नाही.

१९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग चालू केला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा अशा उद्योगांना आश्रय होता. ही हकीकत गौरवग्रंथांतून येते आणि ती यावीच. पण यंत्र नवे असले तरी रीत नवी नव्हती. हातमागाच्या काळातही दख्खनच्या कितीतरी गावांत कोष्टी आणि साळी सावकाराकडून सूत आणून मजुरीवर लुगडी विणीत होते.

याच्या अगदी उलट तऱ्हा मुंबईची. १८५४ साली कावसजी दावरांनी गिरणी उभारण्याचा घाट घातला, आणि पुढे छप्पर, यंत्र, सूत सगळे मालकाचे, कामगाराचे फक्त हात, अशी व्यवस्था तेथे रुजली. मुंबईत मागाला 'साचा' म्हणत आणि सामान्यतः एका कामगाराकडे दोन साचे असत. मालकांनी तीन साचे चालविण्याची योजना आणली, तेव्हा १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या. संपाला इतरही कारणे होती. परंतु दोनाचे तीन साचे हे त्यातले ठळक कारण होते. आता इचलकरंजीत या. येथे एक माणूस चार माग सांभाळतो. माग निराळे, कापड निराळे, तुलना तंतोतंत नाही हे मान्य. तरी एवढे खरे की ज्या वाढीव कामासाठी गिरणीत सहा महिने चूल थंड ठेवून भांडावे लागले, त्याहून अधिक काम हा मनुष्य आपण होऊन करतो. भांडणार कोणाशी? मालक तोच ना!

या मालकीला कायद्याने मोठा हात दिला. १९५६ च्या सुमारास सरकारने गिरण्यांच्या मागांची संख्या गोठविली आणि गिरणीच्या कापडावर कराचा बोजाही अधिक ठेवला. त्याआधी १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की कामाचे तास, पगारी रजा, तपासणी सारे लागू केले होते. मग शहाण्याने काय करावे? एका छपराखालचे माग कागदावर भावाच्या, बायकोच्या, मेहुण्याच्या नावे वाटून टाकावे. आणि त्यातले जुने चार विश्वासू विणकरालाच देऊन टाकावे. किंमत मजुरीतून वळती करायची. असे मालक झालेल्या कितीतरी माणसांच्या तोंडून मी ही कथा ऐकली आहे आणि ती सांगताना त्यांचा ऊर भरून आलेलाही पाहिला आहे. तो अभिमान खोटा म्हणण्याचा मला अधिकार नाही. दुसऱ्याच्या शेडमध्ये शिव्या खाऊन पाळी भरण्यापेक्षा आपल्या मागाला आपण तेल घालणे यात निराळे सुख आहे. काहींची पुढे खरोखर भरभराट झाली.

एकदा शाळेत प्रवेशाचा अर्ज भरताना एक पालक 'व्यवसाय' या रकान्यापाशी थांबले. थोरल्या मुलाच्या वेळी त्यांनी तेथे 'कामगार' लिहिले होते. "गुरुजी, आता मालक लिवू काय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, लिहा की. त्यांनी लिहिले, आणि मग हळूच विचारले, "मग फीची सवलत जाईल व्हय?"

हा प्रश्न विनोदी वाटेल, पण सगळा हिशेब त्यात आहे. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन, पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात काम नसल्यामुळे कामगाराला घरी बसविले तर मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई त्याला देणे आले. मंदीत बीम आले नाही तर खर्चीवाल्याला निम्मे कोण देणार? उलट मागाचा हप्ता आणि शेडचे भाडे चालूच. मंदीचे ओझे वरून खाली उतरले ते असे, आणि ज्याच्या डोक्यावर ते आले त्याला आपण बढती मिळाली असे वाटत राहिले.

१९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पुष्कळांनी बाजारात कापडाची टंचाई होईल असे भाकीत केले. ती झाली नाही. गिरण्यांच्या छापाचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले जात होते. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि अनेक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. तिकडे भिवंडीत रात्रपाळ्या जोरात होत्या. त्या मागांवर उभ्या असलेल्यांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते जमत नाही. हप्ता त्यांनाही होताच.

पुढे बिनधोट्याचे वेगवान माग आले. त्यांची किंमत मजुरीतून वळती होण्यासारखी नव्हती. साधे माग ज्यांनी गिरणीच्या मोडीतून घेतले होते, त्यांतल्या कित्येकांनी ते किलोच्या भावाने भंगारात घातले. काही गल्ल्यांत अजून खडखडाट ऐकू येतो. चारांतले दोन विकले आणि दोन ठेवले, असे सांगणारेही भेटतात. का ठेवले म्हणून विचारले, तर व्यापाऱ्याने बीम धाडतो म्हणून सांगितले आहे, असे म्हणतात.