दुधी काच आणि मार्कंड्याचे दगड

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे 26 ऑगस्ट 1982 पर्यंत एकच होते आणि इंग्रजी अमदानीत त्या मुलखाला चांदा जिल्हा म्हणत. भांदकची विजासन लेणी, चांदा शहराचा गोंडकालीन परकोट आणि चामोर्शीजवळ वैनगंगेच्या डाव्या तीरावर उभा असलेला मार्कंड्याचा मंदिरसमूह यांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागली. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी 1873 ते 1875 या काळात मध्य प्रांतात केलेल्या दौऱ्यांचा अहवाल 1879 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सहायक जे. डी. बेग्लर हे अभियंते असले तरी छायाचित्रणातही मुरलेले होते. पुढे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी 1897 मध्ये जिल्हावार छापली. या मंडळींच्या लेखनाची, मोजमापांची आणि मतांची चिकित्सा पुष्कळ झाली आहे. मात्र त्या काळच्या छायाचित्रांची विश्वासार्हता ज्या साध्या काचेवर अवलंबून होती, तिचा विचार सहसा होत नाही.

मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यात पुढे भिंग, मध्ये चामड्याचा किंवा कापडाचा भाता आणि मागे लाकडी चौकट असे. साडेसहा बाय साडेआठ इंचांची ‘होल प्लेट’ हे त्यातले एक रूढ माप होते. मागच्या चौकटीत एका बाजूने घासून दुधी केलेली काच बसवलेली असे आणि छायाचित्रकार डोक्यावरून काळे कापड घेऊन त्या काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा नजरभिंगाने तपासत असे. प्रतिमा रेखीव झाली की काच बाजूला सारून तिच्या जागी प्लेटहोल्डर, म्हणजे प्रकाशसंवेदी प्लेट अंधारात ठेवणारी चपटी पेटी, सरकवली जाई. भिंगापासून काचेची घासलेली बाजू जितक्या अंतरावर होती, नेमक्या तितक्याच अंतरावर प्लेटचा लेप यावा, ही या सगळ्या रचनेची एकमेव अट होती. ती मोडली तर काचेवर स्वच्छ दिसलेले शिल्प प्लेटवर पुसट येई, आणि काचेकडे कितीही निरखून पाहिले तरी हा दोष कळत नसे, कारण काचेपुरते सगळे बरोबरच असे.

काच फुटणे ही प्रवासातली नित्याची गोष्ट होती. तिच्या जागी साधी खिडकीची काच घेऊन, दोन काचांमध्ये पाण्यात कालवलेली कुरुंदाची बारीक पूड घालून त्या एकमेकींवर गोल फिरवीत घासल्या की दुधी पृष्ठ तयार होई. पूड जितकी बारीक तितका काचेचा दाणा बारीक आणि प्रतिमा तपासणे सोपे. खरी चूक बसवताना होई. घासलेली बाजू भिंगाकडे ठेवून ती खाचेच्या काठावर टेकवली तर काचेच्या जाडीने काहीच बिघडत नाही. काच उलटी बसली तर मात्र जाडीच्या सुमारे दोन तृतीयांश इतकी फोकसची चूक होते, म्हणजे 3 मि.मी. जाड काचेमागे 2 मि.मी. दौऱ्यावर जास्तीची काच नसेल तर वाया गेलेली कोरडी जिलेटिन प्लेट, लेप भिंगाकडे करून, दुधी काचेच्या जागी वापरण्याची युक्ती छायाचित्रकारांना ठाऊक होती, कारण न धुतलेला लेप मुळातच दुधाळ असतो.

काच बसल्यावर तिची पारख दोन प्रकारे होई. चौकटीवर सरळ पट्टी आडवी ठेवून तिथून काचेपर्यंतची खोली चारही कोपऱ्यांत मोजायची, मग होल्डरमध्ये टाकाऊ प्लेट घालून तिचीही खोली तशीच मोजायची आणि जिथे फरक निघेल तिथे खाचेत कागदाच्या किंवा पातळ पितळी पट्ट्या घालायच्या, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात काही काड्या कॅमेऱ्यापासून वाढत्या अंतरावर तिरक्या ओळीत रोवून मधलीवर फोकस करायचा आणि प्लेटवर कोणती काडी सर्वांत रेखीव येते ते पाहायचे. दुसरा प्रकार अधिक भरवशाचा मानावा लागतो, कारण तो पट्टीच्या मोजमापाऐवजी थेट प्लेटची साक्ष काढतो.

हा दोष बराच काळ लपून राहू शकत असे. भिंगाचे छिद्र त्याच्या नाभीय अंतराच्या आठव्या भागाइतके ठेवले आणि 0.1 मि.मी. पुसटपणा चालवून घेतला, तर प्लेट 0.8 मि.मी. पुढेमागे झालेली खपते; छिद्र बत्तिसाव्या भागावर आणले की हीच मुभा 3.2 मि.मी. होते. उलट्या काचेची 2 मि.मी. चूक त्यामुळे भर उन्हात, बारीक छिद्राने टिपलेल्या मंदिराच्या बाह्य दृश्यात पार झाकली जाई आणि अंधाऱ्या मंडपात छिद्र मोठे ठेवावे लागले की उघडी पडे. मार्कंड्याच्या भिंतींवर शिल्पांचे थर एकावर एक आहेत आणि त्यांचा उठाव खोल आहे. तिथे काच एका अंगाला किंचित कलली तरी फोकसची पातळी तिरपी होऊन भिंतीची एक कड रेखीव आणि दुसरी पुसट अशी प्लेट हाती येते. शिखर सरळ दिसावे म्हणून मागची चौकट ओळंब्यात ठेवावी लागे ते वेगळेच. त्यासाठी दुधी काचेवर पेन्सिलीने चौकोन आखण्याची पद्धत होती.

बेग्लर यांच्या दौऱ्यांच्या काळात ओल्या कोलोडियनची प्रक्रिया रूढ होती. तिच्यात प्लेट लेपून, टिपून, धुऊन काढण्यास जेमतेम दहा मिनिटे मिळत आणि चांद्याच्या कोरड्या उष्म्यात लेप त्याहूनही लवकर सुके. तरी जागेवरच प्लेट धुतली जात असल्याने काचेची चूक तिथल्या तिथे कळे. 1880 नंतर कोरड्या प्लेटा सर्रास मिळू लागल्या, काम सोपे झाले, पण मुक्कामावर परतून प्लेटा धुतल्या जाईपर्यंत दोष झाकलेलाच राही. सोय वाढली तशी जोखीमही वाढली, असेच म्हणावे लागेल. उष्ण प्रदेशांसाठी इंग्रज कारागीर सागवानी, पितळी पट्ट्या ठोकलेले कॅमेरे करीत, कारण आलापल्लीच्या रानात ज्याची ख्याती आहे तो साग हवामानाने फारसा फुगत किंवा वाकत नाही आणि काचेची खाच आपले माप धरून ठेवते.

विसाव्या शतकात होल्डरची खोली प्रमाणित झाली. चार बाय पाच इंची फिल्मसाठी ती 0.197 इंच धरतात. त्याआधीच्या कॅमेऱ्यांत मात्र प्रत्येक कारखान्याचे माप निराळे असल्याने काच आणि होल्डर ही एकमेकांसाठीच केलेली जोडी असते. चंद्रपूर किंवा गडचिरोलीत जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल, तर त्याचे भिंग आणि पेटी जपताना लाकडी होल्डर भंगारात देऊ नयेत आणि फुटकी दुधी काच बदलण्यापूर्वी तिची खाच मोजून ठेवावी.