नोंद ठेवली, पण सापडते का?

गावाचा इतिहास लिहायचा म्हटले, की जुनी कागदपत्रे आहेत का हा प्रश्न आपण प्रथम विचारतो. त्यापुढचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. कागदपत्रे असली, तर त्यांतून हवी ती नोंद काढायची कशी? इंग्लंडमधील दोन मोठ्या नोंदींचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. पहिली नोंद १०८६ सालची, तर दुसरी बरोबर ९०० वर्षांनंतरची, म्हणजे १९८६ सालची. या दुसऱ्या नोंदीत शाळकरी मुलांचा मोठा वाटा होता, म्हणून शिक्षकांना ती विशेष जवळची वाटेल.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. १०८५ च्या नाताळात त्याने ग्लॉस्टर येथे दरबार भरवला आणि राज्याची पाहणी करण्याचा हुकूम दिला. अधिकारी परगण्यापरगण्यांत गेले. प्रश्न ठरलेले होते. एडवर्ड राजाच्या काळात ही जमीन कोणाकडे होती, आज कोणाकडे आहे, नांगर किती, कुळे किती, गुलाम किती, गवताळ कुरणे, जंगल, पाणचक्क्या किती, पूर्वी मोल काय होते आणि आता काय आहे? या उत्तरांतून मेंढीच्या कातड्याच्या चर्मपत्रावर लॅटिन भाषेत जो ग्रंथ तयार झाला, तोच ‘डूम्सडे बुक’. त्यात १३,००० हून अधिक वस्त्यांची नावे आहेत. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात तो आजही आहे, आणि लॅटिन जाणणाऱ्याला वाचता येतो.

आता एक उदाहरण घेऊ. नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन नावाचे एक गाव आहे. गावाच्या सामाईक शेतांत प्रत्येक शेतकऱ्याचे वेगवेगळे पट्टे असण्याची मध्ययुगीन पद्धत येथे अजून टिकून आहे. डूम्सडे बुकात या गावात २२ कुळे, लहानसा तुकडा कसणारे ७ जण, ४० एकर गवताळ कुरण आणि काही गुलाम नोंदले आहेत. गावाचे मोल पूर्वी ९ पौंड होते, ते ६ पौंडांवर आले होते. दहा-वीस शब्दांत एका गावाची केवढी मोठी हकिकत आली आहे!

पण ही नोंद सापडायला सोपी नव्हती. डूम्सडे बुक परगण्यांनुसार लावले आहे, आणि परगण्याच्या आत जमीनदारांनुसार. प्रथम राजाच्या जमिनी, मग धर्मपीठांच्या, मग सरदारांच्या. म्हणजे लॅक्स्टन शोधायचे तर ते जेफ्री अल्सेलिन या सरदाराच्या ताब्यात होते, हे आधी माहीत हवे. शिवाय गावाचे नावही तेव्हा वेगळ्या तऱ्हेने लिहिले जाई. एखादे गाव तीन सरदारांत वाटलेले असेल, तर त्याची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली असे. हा लेखनिकांचा गलथानपणा मुळीच नव्हता. कोणत्या सरदाराकडून किती येणे आहे, हे राजाला जाणून घ्यायचे होते, आणि ग्रंथाची मांडणी त्या प्रश्नाला अगदी योग्य होती. ‘माझ्या गावात पूर्वी काय होते?’ हे विचारणारा गावकरी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. पुढे छापील आवृत्त्या निघाल्या आणि स्थळनामांच्या सूची तयार झाल्या, तेव्हा कुठे गावाच्या नावाने शोधणे सोपे झाले.

१९८६ साली या ग्रंथाला ९०० वर्षे पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने बी.बी.सी.ने एक नवे डूम्सडे करायचे ठरवले. या वेळी माहिती गोळा करायला राजाचे अधिकारी नव्हते. शाळा आणि गावोगावची मंडळे हे काम करणार होती. सारा देश ४ किलोमीटर रुंद व ३ किलोमीटर उंच अशा सुमारे २३,००० आयतांत विभागला गेला. शाळेने एक आयत घ्यायचा, तेथील दुकाने, शेती, कामधंदे, खेळ, रोजचा दिवस यांविषयी थोडक्यात लिहायचे आणि काही छायाचित्रे पाठवायची. १,००० वर्षांनी लोकांना काय वाचावेसे वाटेल, ते लिहा, अशी सूचना होती. १० लाखांहून अधिक लोकांनी यात भाग घेतला. १,४७,००० हून अधिक पाने मजकूर आणि २३,००० हून अधिक छायाचित्रे जमली.

हे सर्व लेसरने वाचल्या जाणाऱ्या मोठ्या तबकड्यांवर साठवले गेले. अशा तबकडीच्या एका बाजूवर दूरदर्शनच्या चित्रांसारखी सुमारे ५४,००० स्थिरचित्रे मावत. नकाशे आणि छायाचित्रे या चित्रांच्या रूपात होती, तर मजकूर ध्वनीच्या जागेत अंकांच्या रूपाने साठवला होता. पडद्यावर प्रथम देशाचा नकाशा दिसे. त्यातील एखाद्या भागावर खूण नेली, की यंत्र तबकडीवरचे दुसरे चित्र, म्हणजे त्या भागाचा मोठा नकाशा दाखवी. असे करत करत वाचक गावापर्यंत पोहोचे. गावाचे नाव, नकाशावरचा संदर्भांक किंवा विषयाचा शब्द देऊनही शोध घेता येई.

चाळणे आणि शोधणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. चाळण्यासाठी माहितीला क्रम लागतो. नकाशा हा असाच एक क्रम आहे, कारण त्यावरून जाताना शेजारचे गाव, नदी आणि रस्ता आपोआप भेटतात. शोधण्यासाठी नेमका शब्द लागतो, आणि तो लिहिणाऱ्याने वापरलेला असावा लागतो. मुलांनी ‘किराणा’ लिहिले असेल आणि आपण ‘वाणी’ विचारले, तर नुसती अक्षरे जुळवणारे यंत्र काहीच देणार नाही. नावांचाही घोटाळा होतो. लॅक्स्टन हे नाव इंग्लंडमध्ये तीन गावांना आहे. आपल्याकडे पिंपळगाव किंवा वडगाव शोधणाऱ्याला ही अडचण समजावून सांगायला नको! म्हणून नावासोबत नकाशावरचे स्थान नोंदलेले असले, तरच कोणते लॅक्स्टन ते नक्की ठरते.

मग या नव्या डूम्सडेचे पुढे काय झाले? तबकड्या, त्या वाचणारे खास यंत्र आणि संगणक यांची मिळून किंमत सुमारे ५,००० पौंड होती. एवढा खर्च पुष्कळ शाळांना परवडण्यासारखा नव्हता. काही वर्षांतच तशी यंत्रे बनणे थांबले. २००० सालाच्या सुमारास अशी परिस्थिती आली, की तबकड्या शाबूत होत्या, परंतु त्या वाचू शकणारी चालू यंत्रे अगदी मोजकी उरली होती. ९०० वर्षांचे चर्मपत्र वाचता येत होते आणि १५ वर्षांची तबकडी हातातून निसटत होती. २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी, आधुनिक संगणकाला जुन्या संगणकासारखे वागायला लावणारी आज्ञावली तयार केली आणि मजकूर पुन्हा वाचता आला. चित्रांसाठी मूळ ध्वनिचित्रफितींचा उपयोग झाला. २०११ साली बी.बी.सी.ने मुलांनी जमवलेला हा सारा संग्रह इंटरनेटवर ठेवला, आणि आपल्या गावाचे १९८६ चे पान कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागले. लोकांनी त्याच जागांची नवी छायाचित्रेही पाठवली. २०१८ साली ते संकेतस्थळ बंद झाले. त्याची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराने जतन केली आहे. पण अशा जतन केलेल्या प्रतींत पाने राहतात, मूळची शोधयंत्रणा सहसा चालत नाही. ग्रंथ ठेवला, सूची गेली, असे काहीसे होते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. मुलांनी पाहणी केलेले क्षेत्र सुमारे १,०८,००० चौरस किलोमीटर होते. ब्रिटनचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक देश या नोंदीत आलाच नाही. एखाद्या गावाच्या नावापुढे काही सापडले नाही, तर तेथे सांगण्यासारखे काही नव्हते असा अर्थ होत नाही. त्या आयतासाठी कोणी लिहिले नाही, एवढाच अर्थ होतो. १०८६ च्या ग्रंथात लंडन नाही, आणि बहुतेक घरांचा केवळ कर्ता मोजलेला असल्यामुळे स्त्रिया व मुले जवळजवळ दिसत नाहीत. पण लंडन होते, बायका होत्या, मुलेही होती. रिकाम्या उत्तरावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी नोंद कोणी केली आणि कशासाठी केली, हे विचारले पाहिजे.

आपल्याकडे या प्रश्नाचे आणखी एक रूप दिसते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. कागद आहेत, शाई आहे, पण बहुतेक मजकूर मोडीत असल्यामुळे तो वाचू शकणारे थोडेच आहेत. यंत्र जुने होते, तशी लिपीही अपरिचित होते. ती शिकवणारा कोणी असला, तरच दप्तर बोलते.

गावाची माहिती जमवण्याचा उपक्रम अनेक शाळांत होतो. मुले आजीआजोबांना विचारतात, विहिरी मोजतात, जत्रेची हकिकत लिहितात. त्या वह्या वर्षअखेरीस कपाटात जातात. प्रत्येक पानावर तारीख, लिहिणाऱ्या वर्गाचे नाव, माहिती कोणाला विचारून मिळवली ते, आणि जागेची नकाशावरील खूण एवढे लिहिले, तरी त्या पानाचे मोल कितीतरी वाढेल. एका गोष्टीला गावात दोन-तीन शब्द असतील, तर ते सर्व लिहावेत. शेवटी विषयांची व ठिकाणांची सूची मुलांकडूनच करून घ्यावी. आज ते संगणकावर करणे सोपे आहे, पण कागदावरची एक प्रतही शाळेत ठेवावी. एक प्रयोगही करता येईल. सूची झाली, की ती दुसऱ्या वर्गाच्या हाती द्यावी आणि पाच प्रश्नांची उत्तरे शोधायला सांगावी. जी उत्तरे वहीत असूनही त्या मुलांना सापडणार नाहीत, ती कोणत्या शब्दाअभावी सापडली नाहीत हे पाहावे, आणि तो शब्द सूचीत घालावा.