द्रोणागिरीच्या पायथ्याची खाडी : होडी, गळ आणि एका रात्रीचा मुक्काम

प्रतिनिधी, उरण

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून पूर्वेकडे पाहिले, की घारापुरीच्या उजव्या अंगाला निळसर डोंगराची एक रेघ दिसते. ती द्रोणागिरीची. संजीवनीसाठी मारुतीने उचलून नेलेल्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी आख्यायिका उरण परिसरात आजही सांगितली जाते. डोंगरावर पोर्तुगीज काळातील किल्ल्याचे अवशेष आहेत, पायथ्याशी करंजा गावात द्रोणागिरी देवीचे मंदिर आहे आणि त्याच्याही खाली खाडी आहे. सिडकोच्या नकाशात ‘द्रोणागिरी’ हे नवी मुंबईच्या एका नोडचे नाव असले, तरी करंजाच्या कोळ्यांसाठी तो समुद्रावरून घराची दिशा दाखवणारा डोंगर आहे.

जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली आणि त्याच महिन्यात शिवडी-न्हावा अटल सेतूही खुला झाला. त्यामुळे हा परिसर मुंबईकरांच्या एकदम जवळ आला आहे. शनिवारी दुपारी निघावे, लहान होडी ठरवावी, खाडीत गळ टाकून बसावे, रात्र पाण्याच्या संगतीत काढावी आणि रविवारी परतावे, असा बेत आखणारे हौशी मासेगिरीकर वाढत आहेत. अशा सहलीला तंबू आणि गळाइतकीच भरती-ओहोटीची, नियमांची आणि या खाडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांच्या हक्काची माहिती आवश्यक आहे.

खाडीचा नकाशा

करंजाच्या दक्षिणेला जी विस्तीर्ण खाडी दिसते, तिचे मुख करंजा आणि रेवस या दोन बंदरांच्या मध्ये आहे. सह्याद्रीतून उतरलेली अंबा नदी पाली, नागोठणे असा प्रवास करीत धरमतरच्या खाडीने येथे येते. पाताळगंगेचे पाणीही याच बाजूने समुद्राला मिळते. करंजाहून रेवसला लाँचने सुमारे पंधरा मिनिटे लागतात. रस्त्याने जायचे तर पेण, वडखळ आणि अलिबाग असा मोठा वळसा पडतो. या दोन काठांना जोडणाऱ्या पुलाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासूनची, म्हणजे १९८० च्या दशकाच्या आरंभीची.

उत्तरेकडे मोरा बंदर, घारापुरी आणि न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर आहे. हौशी होडीने त्या दिशेस जाऊ नये. मोठ्या जहाजांचा मार्ग, बंदराची हद्द आणि नौदलाची ठिकाणे यांमुळे तेथे लहान होडीला मुक्त संचार नाही. सहलीसाठी सोयीची बाजू धरमतरची. मात्र तेथेही डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी माल वाहणाऱ्या बार्जची ये-जा असते. बार्ज चटकन थांबू शकत नाही की वळूही शकत नाही. त्यामुळे मधल्या खोल पात्रात नांगर टाकणे धोक्याचे आहे.

पंचांग पाहून निघावे

खाडीत घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. कोकण किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीच्या अंकाला पाऊणपट करावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध आणि वद्य अशा दोन्ही पक्षांत हा हिशेब लागू पडतो. मुंबई बंदराच्या अधिकृत तक्त्याशी ताडून पाहिल्यास थोड्याफार मिनिटांचा फरक दिसतो, म्हणून प्रत्यक्ष निघताना तक्ताच प्रमाण मानावा.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते आणि तितक्याच वेगाने उतरते. वल्ह्याच्या होडीला अशा ओढीविरुद्ध जाणे जवळजवळ अशक्य असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढउतार कमी आणि ओढ सौम्य. नवख्यांनी हाच काळ निवडावा.

अष्टमीचा बेत उदाहरणादाखल असा आखता येतो. दुपारी बाराला ओहोटी पूर्ण होते. एकच्या सुमारास करंजाहून निघाल्यास चढते पाणीच होडीला धरमतरच्या दिशेने नेते. सायंकाळी सहाला पाणी भरून स्थिरावते, आणि पाणी फिरण्याच्या आगेमागचा हा काळ गळासाठी उत्तम मानला जातो. मध्यरात्री पुन्हा ओहोटी. पहाटे पाणी चढू लागते आणि पावणेसातच्या सुमारास पूर्ण भरती होते. त्यानंतर उतरत्या पाण्याबरोबर करंजाला परतावे. जाताना आणि येताना पाणी आपल्या बाजूने असल्याने इंधनही वाचते आणि मशीन बंद पडले तरी होडी योग्य दिशेनेच सरकते.

मध्यरात्रीची ओहोटी मात्र विसरू नये. काठाजवळ नांगरलेली होडी तेव्हा चिखलावर बसते. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत ओढून घेतो. अशा वेळी होडीतून उतरून ती ढकलण्याचा प्रयत्न करू नये. पाणी येईपर्यंत होडीतच स्वस्थ बसून राहावे.

होडी, तंगूस आणि गरी

या खाडीत आज लाकडी होड्यांबरोबर फायबरच्या हलक्या होड्या दिसतात. चार माणसे आणि सामान यांना पुरेल अशी होडी, लहान मशीन, मशीन दगा देईल हे गृहीत धरून दोन वल्ही, लांब दोरासह नांगर आणि पाणी उपसायला एक डबा, इतकी सामग्री किमान हवी. होडी भाड्याने घेताना ती नोंदणीकृत आहे ना, आणि प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे ना, हे विचारावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान बोटीने घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली आणि १५ जणांचा बळी गेला. जाकीट होडीच्या कोपऱ्यात ठेवून चालत नाही. ते अंगात हवे.

गळाची सामग्री साधी असते. मजबूत तंगूस, गरी, शिसे आणि आमिष. महागडी रॉड-रीळ असली तर उत्तम, नसली तरी हातातल्या तंगुसावर मासा तितकाच लागतो. आमिष म्हणून जिवंत कोळंबी सर्वांत चांगली. कोळी बांधवांची स्वतःची साधने अर्थातच वेगळी. उथळ पाण्यात फेकायचे पाग, प्रवाहात खुंटांना बांधलेले पिशवीसारखे डोल, चिंबोऱ्यांसाठी फग. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलातून निवट्या पकडणे ही तर स्वतंत्र विद्याच आहे. पाण्यावर दिसणारा बोया किंवा खुंट म्हणजे खाली कोणाचे तरी जाळे आहे, ही खूण ओळखून होडी दुरून न्यावी. मशीनचा पंखा जाळ्यात गेला तर मच्छीमाराचे नुकसान होतेच, होडीही तेथेच अडकते.

खाडीचा राजा

गळ टाकणाऱ्याचे स्वप्न असते जिताड्याचे. पेण-अलिबागच्या खारेपाटात या माशाचा मान पापलेटहून कमी नाही. तेथे शेतालगतच्या तळ्यांतही जिताडा वाढवतात. गोड्या, निमखाऱ्या आणि खाऱ्या अशा तिन्ही पाण्यांत तो राहतो, मात्र अंडी घालण्यासाठी त्याला खाडीच्या मुखाकडचे खारे पाणी लागते. या माशाचे वैशिष्ट्य म्हणजे तो आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे त्याचे मादीत रूपांतर होते. त्यामुळे फार मोठा जिताडा बहुधा मादी असते. तिचे छायाचित्र घेऊन तिला पाण्यात परत सोडणारा हौशी मासेगिरीकर पुढच्या पिढीचा जिताडा राखतो. लहान पिल्लांनाही हाच न्याय लावावा. कोवळी मासळी पकडली जाऊ नये म्हणून राज्य शासनाने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत.

याशिवाय बोई, तांब, शिंगाळा आणि चिंबोरी ही या पाण्यातील ओळखीची मंडळी. शिंगाळ्याच्या कल्ल्यांजवळचे आणि पाठीवरचे काटे विषारी असतात. काटा लागल्यास जखम स्वच्छ करून सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरते. काटा आत मोडला असेल तर डॉक्टरांकडे जावे.

रात्र कोठे काढावी

येथे तंबू ठोकण्याच्या जागा थोड्या आहेत. घारापुरीवर पर्यटकांना रात्रीचा मुक्काम करता येत नाही. खारफुटीत शिरून जागा साफ करणे, फांद्या तोडणे किंवा शेकोटी पेटवणे हा गुन्हा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात तिचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला असल्याचे म्हटले. पांढरी चिप्पी ही खारफुटीची जात २०२० पासून महाराष्ट्राचे राज्य कांदळवृक्ष आहे.

खारेपाटातले मातीचे बांध दिसायला मोकळे आणि कोरडे वाटतात. परंतु हे बांध भरतीचे पाणी भातशेतीबाहेर ठेवतात. त्यात खुंट्या ठोकल्या, माती उकरली, तर उधाणात तेथेच खांड पडू शकते आणि खारे पाणी शिरलेले शेत पुढील काही वर्षे पीक देत नाही. त्यामुळे काठावरच्या गावात आधी विचारून, कोणाच्या तरी अंगणात किंवा मोकळ्या खाजगी जागेत राहणे श्रेयस्कर. दुसरा मार्ग मच्छीमारांचा : प्रवाहापासून दूर, ओहोटीतही पाणी राहील अशा ठिकाणी नांगर टाकून होडीतच झोपायचे. तेव्हा कंदील किंवा दिवा रात्रभर पेटता ठेवावा.

नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील दहशतवादी सागरी मार्गाने आले. तेव्हापासून या किनाऱ्यावर मच्छीमारांची ओळखपत्रे आणि होड्यांची नोंदणी काटेकोरपणे तपासली जाते. अनोळखी माणसांची होडी रात्री खाडीत दिसली तर चौकशी होणारच. छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे, बेत बंदरावर सांगून निघावे.

ही खाडी रिकामी नाही

शहरातून आलेल्या माणसाला खाडी मोकळी वाटते. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक वळणावर कोणाचा तरी हक्क आहे, आणि तो गेल्या चार दशकांत सतत आक्रसत आला आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला, आणि तेथील कुटुंबे उरणजवळ जेथे वसवली गेली, त्या हनुमान कोळीवाड्यातील घरांना वाळवीने पोखरले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची मुंबई बंदराजवळ टक्कर होऊन तेल सांडले, त्याचा फटका उरणच्या मच्छीमारांनाही बसला. राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी २०१५ मध्ये उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. भरावामुळे भरतीच्या पाण्याचे मार्ग आणि मासेमारीच्या जागा नष्ट झाल्या, हे त्यामागील कारण. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

द्रोणागिरी नोडमधील पाणजे पाणथळीचा प्रश्नही याच जातीचा. स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या सुमारे २८९ हेक्टर क्षेत्रात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग अडवले जातात, अशी पर्यावरण कार्यकर्त्यांची तक्रार वर्षानुवर्षे आहे. भरतीबरोबर लहान मासे आणि कोळंबीची पिल्ले अशाच उथळ जागी आश्रयाला येतात. नाल्याचे तोंड बुजले की प्रथम पक्षी जातात, नंतर डोल रिकामे निघते आणि शेवटी हौशी माणसाच्या गळालाही काही लागत नाही.

म्हणून येथे येणाऱ्याने होडी शक्यतो स्थानिक मच्छीमाराचीच घ्यावी आणि तांडेलही त्यालाच करावे. त्याच्या ज्ञानाचे मोल होते, सहल सुरक्षित राहते आणि खाडी राखण्यात त्याला आणखी एक सोबती मिळतो.

पुढच्या खाड्या

गाडीच्या टपावर कयाक किंवा हवा भरायची होडी बांधून निघणाऱ्यांना दक्षिणेकडे अनेक खाड्या मोकळ्या आहेत. कुंडलिकेची रेवदंडा खाडी, मुरूडजवळची राजपुरी, सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ. जसजसे दक्षिणेस जावे तसतशी भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, रत्नागिरीला सुमारे तासभर आधी. गोड्या पाण्याची आवड असेल तर कोयनेचा शिवसागर आणि त्याकाठचे तापोळा, बामणोली आहे. परंतु तेथील काठाचा मोठा भाग अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे वनखात्याची परवानगी आधी पाहावी.

निघण्यापूर्वी

* काळ : ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लहान होडीने जाऊ नये. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते.
* तिथी : नवख्यांसाठी अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरतीचा तक्ता सोबत हवा.
* अंगावर : जीवरक्षक जाकीट, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा.
* सामान : माणशी किमान चार लिटर पिण्याचे पाणी, शिट्टी, विजेरी, प्रथमोपचार पेटी, जलरोधक पिशवीत मोबाइल.
* कचरा : तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नये. त्यात पक्षी आणि मासे अडकून मरतात.
* मदत : सागरी पोलीस १०९३, तटरक्षक दल १५५४.